वाचकांचे प्रश्न : यूएसबी प्रिंटर घरातल्या सगळ्यांना कसा वापरता येईल?

वायफाय नाही म्हणून चालता प्रिंटर भंगारात काढायची गरज नाही. एचपी लेझरजेट १०२० प्लस, कॅनन एलबीपी २९००, एप्सन एल१३०, कॅनन जी२०१० असे नुसत्या यूएसबीवर चालणारे प्रिंटर अजून कितीतरी घरांत आहेत आणि व्यवस्थित काम देतात. त्यांची मूळ अडचण एकच आहे. यूएसबी केबल एका वेळी एकाच मालकाला (ती ज्या संगणकाला लावली आहे त्याला) ओळखते, त्यामुळे बाकीच्यांना त्या मालकामार्फतच जावं लागतं. तो मालक जागा हवा, त्याचा पत्ता ठरलेला हवा आणि मागणाऱ्याला त्याने ओळखलं पाहिजे. या वेळी आलेल्या पत्रांत प्रिंटर स्वतः बिघडल्याची तक्रार जवळजवळ नाहीच, घोडं बहुतेक वेळा या तिन्हींपैकी कशावर तरी अडलेलं आहे.

प्रश्न : हॉलमधल्या डेस्कटॉपला (विंडोज ११) लेझर प्रिंटर यूएसबीने जोडलेला आहे. सौभाग्यवतींचा आणि मुलीचा असे दोन लॅपटॉप घरात आहेत. दरवेळी पेन ड्राइव्ह घेऊन हॉलमध्ये यावं लागतं. लॅपटॉपवरून थेट प्रिंट कशी देता येईल? संगणकातलं फारसं कळत नाही, तेव्हा पायरी पायरीने सांगावं. – एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : नवीन काही विकत घ्यावं लागणार नाही. अर्धा-पाऊण तास निवांत काढा आणि पुढची कामं याच क्रमाने करा. क्रम चुकला की चूक नेमकी कुठे झाली तेच कळत नाही.

आधी डेस्कटॉप. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून तुमचं चालू कनेक्शन निवडा. तिथे नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा दिसेल. तो 'प्रायव्हेट' करा. विंडोज नवीन नेटवर्क बहुधा 'पब्लिक' धरून चालते आणि त्या अवस्थेत फायरवॉल घरातल्याच दुसऱ्या संगणकाला दारात उभं करत नाही. हेच काम दोन्ही लॅपटॉपवरही करायचं आहे. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये जा आणि प्रायव्हेट नेटवर्कखालची 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही बटणं चालू करा. त्याच पानावर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' असं एक बटण आहे. ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तुम्ही ते चालूच ठेवा. ते बंद केलं की अनोळखी पाहुण्याला आत घ्यावं लागतं, आणि विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या अशा पाहुणा-प्रवेशाला आपण होऊन नकार देतात. म्हणजे सुरक्षितता जाते आणि प्रिंटही निघत नाही.

त्याऐवजी डेस्कटॉपवर प्रिंटिंगपुरतं एक वेगळं खातं उघडा. सेटिंग्ज, 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स', 'अ‍ॅड अकाउंट' असं जा. मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं तर 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' आणि नंतर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा' हे पर्याय निवडा. खात्याचं नाव इंग्रजीत 'प्रिंट' एवढंच ठेवा आणि पासवर्ड नक्की द्या. पासवर्ड रिकामा असलेलं खातं विंडोज फक्त समोर बसलेल्या माणसालाच वापरू देते, नेटवर्कवरून येणाऱ्याला नाही. आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ जण इथेच तासन्‌तास अडकतात. डेस्कटॉप उघडताना तुम्ही जो चार आकडी पिन टाकता, तो त्या यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. लॅपटॉपवर पासवर्ड विचारला जातो तेव्हा माणूस सवयीने पिन टाकतो आणि 'चुकीचा पासवर्ड' असं उत्तर येत राहतं. वेगळं खातं असलं की हा घोळ होत नाही.

आता प्रिंटर. सेटिंग्ज, 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स', तुमचा प्रिंटर, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' असं जाऊन 'शेअरिंग' हा टॅब उघडा. 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण करा. शेअरचं नाव आपोआप लांबलचक येतं. ते खोडून इंग्रजीत एकच छोटा शब्द लिहा, उदाहरणार्थ 'लेझर'. मध्ये मोकळी जागा नको. खालच्या 'रेंडर प्रिंट जॉब्ज ऑन क्लायंट कम्प्युटर्स'ची खूण तशीच राहू द्या. पान तयार करण्याचं काम त्यामुळे लॅपटॉपवर होतं आणि डेस्कटॉपवर भार येत नाही. शेवटी सेटिंग्ज, 'सिस्टीम', 'अबाउट' इथे डेस्कटॉपचं नाव बघा. विंडोजने दिलेलं आकडे-अक्षरांचं नाव लक्षात राहत नाही, म्हणून ते 'हॉलपीसी'सारखं सोपं करून संगणक एकदा रीस्टार्ट करा. नाव पंधरा अक्षरांच्या आत बसवा.

मग लॅपटॉप. त्यावर प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकाला त्या प्रिंटरशी बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलात तर पुढचं काम सुरळीत होतं. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागून डेस्कटॉपचं नाव टाइप करून एंटर करा. नाव-पासवर्ड विचारला की नावाच्या जागी 'हॉलपीसी', एक उलटी तिरकी रेघ आणि 'प्रिंट' असं लिहा. नुसतं 'प्रिंट' लिहिलं तर लॅपटॉप ते स्वतःचंच खातं समजू शकतो. 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर खूण करा. समोर 'लेझर' दिसेल, त्यावर डबल क्लिक करा. ड्रायव्हर बसवायची परवानगी मागितली जाईल. ऑगस्ट २०२१ मधल्या सुरक्षा अद्ययावतीपासून या कामाला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, त्यामुळे मुलीचं खातं साधं असेल तर तिथे तुमचा अ‍ॅडमिन पासवर्ड द्यावा लागेल. चाचणीचं पान काढून बघा.

पान निघालं तरी दोन कामं राहतात. ती टाळली तर पंधरा दिवसांनी 'प्रिंटर ऑफलाइन' हे ठरलेलं. पहिलं काम डेस्कटॉपला जागं ठेवण्याचं. 'पॉवर'मधल्या 'स्क्रीन अँड स्लीप'मध्ये झोपेची वेळ 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, यंत्र झोपता कामा नये. प्रिंटर स्वतः झोपला तर झोपू द्या, काम आलं की तो उठतो. दुसरं काम पत्ता पक्का करण्याचं. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि परत आल्यावर घरातल्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटतो. डेस्कटॉपला काल मिळालेला पत्ता आज मोबाईलला मिळालेला असू शकतो. राउटरच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) 'डीएचसीपी'खाली 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे डेस्कटॉपचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क-जोडणीचा ओळख क्रमांक) लिहून त्याला एक आयपी पत्ता कायमचा देऊन टाका. डेस्कटॉप वायफायवर असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमधलं 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' बंद आहे ना, हेही बघा. ते चालू असेल तर मॅक पत्ताच बदलतो आणि आरक्षण वाया जातं.

पुढे कधी त्या खात्याचा पासवर्ड बदललात, तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड पाठवत राहील आणि नकार येईल. कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून जुनी नोंद काढली की तो नव्याने विचारतो.

प्रश्न : प्रिंटर विंडोज १० च्या संगणकावर शेअर केला आहे. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर जोडायला गेलं की लांबलचक शून्यांचा आणि शेवटी '११बी' असलेला एरर येतो. इंटरनेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यात) एक ओळ घालायला सांगतात. घालावी का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : घालू नका, निदान पहिला उपाय म्हणून तरी नको. हा एरर सप्टेंबर २०२१ च्या अद्ययावतीनंतर घरोघरी दिसू लागला. प्रिंटिंगसाठी दोन संगणकांत जो संवाद होतो, तो कूटबद्धच असला पाहिजे अशी सक्ती मायक्रोसॉफ्टने त्या सुमारास केली. एक यंत्र ही सक्ती पाळतं आणि दुसऱ्याला तिची माहितीच नाही, अशी जोडी जमली की ११बी येतो. रजिस्ट्रीतली ती ओळ ही सक्तीच काढून टाकते. प्रिंट निघते, पण बुजवलेलं भोक पुन्हा उघडं पडतं.

योग्य उपाय म्हणजे दोन्ही यंत्रांवरच्या सगळ्या अद्ययावती पूर्ण करून दोन्ही रीस्टार्ट करणं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा निदान त्या तारखेपर्यंतच्या सगळ्या अद्ययावती त्या संगणकावर आहेत याची खात्री करा. दोन्हींपैकी विंडोज ११ चा लॅपटॉप जास्त वेळ घरी असेल तर प्रिंटरची केबल त्याला लावून उलट दिशेने शेअर करणं जास्त शहाणपणाचं.

एवढं करूनही अडलं तर एक आडवाट आहे. आधी लॅपटॉपवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवा. मग विंडोज-आरच्या चौकटीतून डेस्कटॉपचं नाव उघडून पासवर्ड साठवून घ्या. त्यानंतर 'अ‍ॅड डिव्हाइस'मध्ये 'अ‍ॅड मॅन्युअली', पुढे 'मॅन्युअल सेटिंग्जसह लोकल किंवा नेटवर्क प्रिंटर', मग 'क्रिएट अ न्यू पोर्ट' आणि प्रकार 'लोकल पोर्ट'. 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' निवडू नका, तो प्रकार नेटवर्कची सोय अंगभूत असलेल्या प्रिंटरसाठी आहे. पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, संगणकाचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि शेअरचं नाव लिहा. पुढे यादीतून बसवलेला ड्रायव्हर निवडा. या वाटेने काम एखाद्या फाइलसारखं पलीकडे ढकललं जातं, त्यामुळे ११बीचा फाटा लागत नाही. मात्र कागद संपला, टोनर संपत आला, असे निरोप परत येत नाहीत. जे प्रिंटर सतत दुतर्फा बोलतात, त्यांना ही वाट कधी कधी चालतही नाही.

शेवटी '७०९' असलेला एररही याच घराण्यातला आहे. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून प्रिंटिंगचा संवाद नेहमीच्या 'नेम्ड पाइप्स'ऐवजी टीसीपीवरून होऊ लागला आणि जुन्या यंत्रांशी सूर जुळेनासा झाला. लॅपटॉपवर विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'प्रिंटर्स', 'कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज' इथे 'आरपीसी ओव्हर नेम्ड पाइप्स' निवडा. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते, तिथे वरची आडवाटच बरी.

प्रश्न : आमच्या राउटरला मागे यूएसबीचं भोक आहे. प्रिंटर तिथेच लावला तर संगणक चालू ठेवायची कटकट मिटेल असं वाटलं. प्रिंटरचा दिवा लागतो, काम गेल्यासारखं दिसतं, पण कागद हलत नाही. तोच प्रिंटर संगणकाला लावला की लगेच चालतो. दोष कुणाचा? – एक लघुउद्योजक, चिंचवड

उत्तर : प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, पण लक्षणं बोलकी आहेत. आधी राउटरची माहितीपुस्तिका उघडा आणि 'प्रिंट सर्व्हर' हा शब्द शोधा. तो नसेल तर ते भोक फक्त पेन ड्राइव्ह किंवा डाटा कार्डसाठी आहे आणि विषय तिथेच संपला. तो असेल, तर पुढचं वाचा.

स्वस्त लेझर प्रिंटर स्वस्त का असतात? पान रेखाटण्याचं डोकं त्यांच्यात नसतं. ते काम संगणकावरचा ड्रायव्हर करतो आणि तयार ठिपके प्रिंटरकडे पाठवतो. एचपी लेझरजेट १०१८, १०२०, पी१००७, पी१००८ या मालिकेत तर आणखी पुढची गंमत आहे. प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी मूळ आज्ञावलीच, त्याच्यात कायमची साठवलेली नसते. बटण दाबून प्रिंटर चालू केला की ड्रायव्हर ती आज्ञावली दरवेळी केबलमधून आत भरतो. संगणकाला जोडलेला असताना हे क्षणार्धात होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. राउटरला जोडलात तर वीज मिळते, दिवा लागतो, पण आज्ञावली भरणारं कुणी नसतं. काम येतं, प्रिंटरला ते समजत नाही, कागद जागच्या जागी राहतो.

तुमचा प्रिंटर याच मालिकेतला आहे का, हे ओळखायची साधी चाचणी अशी : प्रिंटर आधी संगणकाला लावून एक पान काढा. मग वीज बंद न करता फक्त यूएसबी केबल काढून राउटरला लावा आणि प्रिंट द्या. पान निघालं आणि प्रिंटर बंद-चालू केल्यावर निघेनासं झालं, तर कारण हेच.

कॅनन एलबीपी २९०० ची तऱ्हा वेगळी. त्याचा ड्रायव्हर प्रिंटरशी सारखा बोलत असतो, 'तयार आहेस का, कागद आहे का' असं विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा डाटा सोडत नाही. बरेचसे राउटर डाटा एकाच दिशेने ढकलतात, उत्तर परत आणत नाहीत. मग दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

यातून दोन मार्ग निघतात. काही कंपन्यांच्या राउटरसोबत, उदाहरणार्थ टीपी-लिंकच्या, 'यूएसबी प्रिंटर कंट्रोलर' नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. ते संगणकावर टाकलं की राउटर अख्खी यूएसबी जोडणीच नेटवर्कवरून संगणकापर्यंत आणून देतो. संगणकाला वाटतं, केबल मलाच लावलेली आहे. त्यामुळे वरच्या दोन्ही जातींचे प्रिंटर त्यावर चालण्याची शक्यता बरीच वाढते. पण एका वेळी एकाच संगणकाला जोडणी मिळते. पहिल्याने सोडली तरच दुसऱ्याला. सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो कनेक्ट फॉर प्रिंटिंग' आहे, ते प्रत्येक संगणकावर चालू करा, नाहीतर एकजण जोडणी अडवून बसेल आणि बाकीचे ताटकळतील.

दुसरा मार्ग हौशी माणसाचा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या आज्ञावलीऐवजी टाकायची मोफत प्रणाली) चालत असेल तर त्यात यूएसबी प्रिंटरचं कर्नल मॉड्यूल आणि 'पी९१०एनडी' हा छोटा प्रोग्रॅम टाकता येतो. तो ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर आलेला डाटा जसाच्या तसा प्रिंटरला देतो. १०२० सारख्यांसाठी फर्मवेअरची फाइल राउटरवर ठेवून प्रिंटर चालू होताच ती आधी पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. विंडोजमध्ये जोडताना मात्र इथे 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट'च निवडायचा, प्रोटोकॉल 'रॉ' ठेवायचा आणि 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढायची. ती राहिली तर विंडोज प्रिंटरची हालहवाल विचारत राहते, राउटर त्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि विंडोज प्रिंटरला उगाचच ऑफलाइन ठरवते.

प्रश्न : संगणकावरून शेअर केलेला प्रिंटर मोबाईलवर दिसतच नाही. घरात एक आयफोन आणि दोन अँड्रॉइड आहेत. रास्पबेरी पाय (तो तळहाताएवढा संगणक) घेतला तर होईल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : होईल, आणि चांगलं होईल. विंडोजचं शेअरिंग ज्या भाषेत चालतं, ती मोबाईलची प्रिंट सेवा बोलत नाही. आयफोन एअरप्रिंट ही स्वतःच्या कंपनीची पद्धत शोधतो (ती नोव्हेंबर २०१० मध्ये आयओएस ४.२ सोबत आली) आणि अँड्रॉइड आयपीपी ही नेटवर्कवरून छापण्याची भाषा. या दोन्हींना समजेल असं बोलणारा मधला माणूस म्हणजे 'कप्स' ही प्रिंटिंग प्रणाली, आणि ती रास्पबेरी पायवर छान चालते.

पण पैसे घालण्याआधी प्रिंटर बघा. पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो. कॅनन एलबीपी २९०० चा कंपनीने दिलेला लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठीच आहे, म्हणून तो पायवर बसत नाही. त्या प्रिंटरसाठी एखादा जुना इंटेल लॅपटॉप लिनक्स टाकून वापरलेला बरा. एचपीच्या १०२० मालिकेला एचपीलिप (एचपीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर-संच) आणि त्याचं वेगळं प्लगइन लागतं. फर्मवेअर भरण्याचं काम तेच करतं. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टीम अपग्रेड केल्यावर प्रिंटर अचानक मुका झाला तर प्लगइन पुन्हा बसवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुरू होतो. अलीकडच्या काही यूएसबी प्रिंटरना 'आयपीपी ओव्हर यूएसबी' येतं. त्यांना ड्रायव्हरच लागत नाही.

सामान : पाय ३ किंवा ४, चांगल्या प्रतीचं १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड, पायचाच अ‍ॅडॉप्टर आणि प्रिंटरच्या बाजूला चौकोनी तोंड असलेली यूएसबी केबल. पाय झीरो २ डब्ल्यू घेतलात तर त्याचं यूएसबी छोटं असतं, म्हणून एक ओटीजी केबल वेगळी घ्यावी लागते. मोबाईलचा जुना चार्जर पायला लावू नका. वीज कमी पडली की पाय मध्येच रीस्टार्ट होतो, आणि लोक दोष प्रिंटरला देतात.

रास्पबेरी पाय ओएस टाकल्यावर 'कप्स' आणि 'अवाही डेमन' (प्रिंटरची खबर नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) ही पॅकेजेस बसवा आणि आपल्या यूजरला 'एलपीअ‍ॅडमिन' गटात घाला. कप्सचं पान मुळात फक्त पायवरूनच उघडतं, ते नेटवर्कवरून उघडायची परवानगी द्या. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पायचा पत्ता आणि पुढे ६३१ हा पोर्ट टाका. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये प्रिंटर जोडा. इथे शेअरिंगच्या खुणा दोन ठिकाणी कराव्या लागतात : एक संपूर्ण सर्व्हरसाठी आणि दुसरी त्या प्रिंटरसाठी. एक राहिली तरी मोबाईलवर काही दिसत नाही. कागद 'ए४' निवडा. आयफोन मग आपोआप प्रिंटर दाखवतो. अँड्रॉइड ८ पासून पुढच्या फोनमध्ये 'डीफॉल्ट प्रिंट सर्व्हिस' असते, ती सेटिंग्जमध्ये चालू आहे का ते बघा. घरातले विंडोज लॅपटॉपही याच प्रिंटरला जोडता येतात, म्हणजे वरच्या प्रश्नांतला पासवर्डचा खटाटोपही वाचतो.

एक काळजी घ्या. प्रिंट चालू असताना वीज गेली तर कार्डवरची फाइल प्रणाली बिघडू शकते. राउटर आणि पाय हे दोघं मिळून फार कमी वीज खातात, त्यांना छोट्या यूपीएसवर ठेवा आणि सगळं नीट चालू झाल्यावर कार्डाची एक प्रत काढून ठेवा.

प्रश्न : मग लेझर प्रिंटरही त्याच यूपीएसवर ठेवला तर? – आमच्याच कार्यालयातून आलेला प्रश्न

उत्तर : अजिबात नाही. टोनर कागदावर वितळवून चिकटवण्यासाठी आतला फ्यूजर तापतो आणि त्या क्षणी प्रिंटर शेकडो वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस ते झेपवू शकत नाही. तो किंचाळतो, सगळं एकदम बंद पाडतो आणि त्यासोबत डेस्कटॉपही जातो. लेझर प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला. इंकटँकचा भार मात्र थोडा असतो, तो यूपीएसवर चालतो.

प्रश्न : सगळं तुमच्यासारख्यांनी सांगितलं तसं केलं, तरी बेडरूममधल्या लॅपटॉपला हॉलचा संगणक सापडत नाही. हॉलमध्ये नेलं की सापडतो. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या घरात दोन राउटर आहेत, पैजेवर सांगतो. इंटरनेटवाल्याने दिलेला एक, आणि आत रेंज येत नाही म्हणून तुम्ही घेतलेला दुसरा. दोन्ही यंत्रांवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर ती दोन वेगळी नेटवर्क आहेत. इंटरनेट दोन्हीकडे मिळतं, म्हणून संशय येत नाही.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' शोधा आणि तो चालू करा. तो मोड नसेल तर दुसऱ्याला आधी पहिल्याच्या मालिकेतला मोकळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या 'वॅन' भोकातून काढून 'लॅन' भोकात घाला. पहिल्या राउटरकडचं टोकही 'लॅन'मध्येच हवं.

पत्ते एकाच मालिकेतले निघाले, तर लॅपटॉप 'गेस्ट' वायफायवर नाही ना, ते बघा. गेस्ट नेटवर्क घरातली यंत्रं मुद्दामच दडवतं. 'एपी आयसोलेशन' नावाची खूणही तेच करते. तीही नसेल तर दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस तपासा. काही अँटिव्हायरस स्वतःची फायरवॉल लावतात आणि त्यात घरचं नेटवर्क पुन्हा वेगळं 'विश्वासू' म्हणून नोंदवावं लागतं.

प्रश्न : संस्थेची जुनी मराठी पत्रं डेस्कटॉपवरून बरोबर छापली जातात, पण तीच फाइल लॅपटॉपवरून छापली की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. प्रिंटर शेअर करण्यात चूक झाली का? – ग्रंथालय कार्यकर्ते, वाई

उत्तर : शेअरिंगचा काही दोष नाही. ती पत्रं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपीसारख्या एखाद्यात, टाइप केलेली असणार. अशा फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी आकार देतो. पान लॅपटॉपवर तयार होतं आणि त्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही. पडद्यावरही तोच कचरा दिसत असेल. डेस्कटॉपवर फाइलची पीडीएफ करा (फॉन्ट आत घालण्याचा पर्याय चालू ठेवून) आणि ती कुठूनही छापा. नवीन पत्रं मात्र युनिकोडमध्येच लिहा.

प्रश्न : एका लॅपटॉपवरून प्रिंट दिली की प्रिंटरचा दिवा लुकलुकतो आणि बटण दाबल्याशिवाय कागद ओढत नाही. बाकी यंत्रांवरून नीट चालतं. – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या लॅपटॉपवरच्या ड्रायव्हरमध्ये कागद 'लेटर' आहे. तो अमेरिकी आकार ए४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. प्रिंटर लेटर कागदाची वाट बघतो आणि बटण दाबलं की ट्रेमधला ए४ चालवून घेतो. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स'मध्ये ए४ करा, नंतर 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्येही करा. वर्डच्या फाइलचं 'पेज सेटअप' लेटर असेल तर तेही बदलावं लागेल.

प्रश्न : प्रिंटर शेअर झाला, पण त्याचा स्कॅनर लॅपटॉपवर दिसत नाही. – एक गृहिणी, इंदूर

उत्तर : विंडोजचं प्रिंटर शेअरिंग फक्त छपाईपुरतं असतं. स्कॅनर त्यात येत नाही. डेस्कटॉपवर स्कॅन करून फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाका, लॅपटॉपवर तिथून घ्या. वर सांगितलेलं राउटरचं यूएसबी सॉफ्टवेअर असेल तर त्यातून स्कॅनिंगही होतं. त्यात स्कॅनिंगसाठी वेगळा पर्याय असतो.

प्रश्न : एक काम अडकलं की घरातल्या कुणाचंच काही छापलं जात नाही. 'डिलीटिंग' असं दिसतं आणि तसंच राहतं. – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : रांग डेस्कटॉपवर आहे, त्यामुळे ती तिथेच मोकळी करावी लागते. लॅपटॉपवर कितीही वेळा 'कॅन्सल' केलं तरी उपयोग नाही. डेस्कटॉपवर 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवा. मग सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये 'सिस्टीम३२', त्यात 'स्पूल', त्यात 'प्रिंटर्स' हा फोल्डर उघडा. आत एसपीएल आणि एसएचडी अशा शेवटाच्या फाइल्स दिसतील. त्या पुसा. फोल्डर स्वतः पुसू नका. प्रिंटर बंद करून अर्धा मिनिट थांबा म्हणजे त्याच्या आत उरलेलं अर्धवट पानही जाईल. आधी प्रिंटर चालू करा, मग स्पूलर. तेच काम पुन्हा पुन्हा अडकत असेल तर केबल तपासा. यूएसबी २ ची केबल पाच मीटरपेक्षा लांब नको, मध्ये हब नको, आणि डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं भोक सोडून मागचं, थेट मदरबोर्डवरचं वापरा.